दारात जातं, पानात इटली

ये, बस. फुलं मोरीतल्या बादलीत ठेव आणि तो लिफाफा खिशात परत घाल. दोन रात्री फुकट राहण्याचं कूपन मला नको. परवा तुझ्या हॉटेलात तू टेबलाशी येऊन, हात मागे बांधून विचारलंस, 'मॅडम, कसं वाटलं जेवण?' मी म्हटलं, घरी ये, सांगते. तुझ्या हाताखालच्या माणसांसमोर तुला बोलायचं नव्हतं. माणसाला त्याच्या माणसांदेखत झापू नये, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं. तू ते विसरलास. पण त्यावर मागाहून येते.

आधी बारीकसारीक चुका. त्या पटकन उरकते, कारण त्या दुरुस्त होण्याजोग्या आहेत. सूप कोमट होतं आणि ज्या बाऊलमध्ये आणलं तो बाऊल थंडगार. गरम पदार्थ साठ अंशांच्या वर ठेवायचा हे परीक्षेत लिहून तू पूर्ण मार्क घेतलेस, मग आता स्वयंपाकघराच्या पासवर उभं राहून कोणी बाऊलला हात लावून का बघत नाही? बाऊलमधून वाढायचं असेल तर डावीकडून, भरलेली प्लेट ठेवायची असेल तर उजवीकडून, आणि उचलायचं नेहमी उजवीकडून. तुझ्या पोरानं माझ्या नाकासमोरून हात घालून शेजारच्या बाईंची प्लेट उचलली. पोराचा दोष नाही. त्याला कोणी शिकवलेलंच नाही, नुसता कोट चढवलाय.

पाण्याचं सांगते. खुर्ची ओढली न ओढली तोच त्यानं विचारलं, 'स्टिल ऑर स्पार्कलिंग?' तिसरा पर्याय नाहीच. साधं पाणी मागणारा माणूस तुझ्याकडे यायचाच नाही अशी समजूत दिसते. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा हॉटेलनं जास्त घेतलं तर चालतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच सांगितलंय, मला ठाऊक आहे. कायद्यानं चालतं म्हणून तहानलेल्या माणसाला कोंडीत पकडायचं का? पुण्याहून दीड तास गाडी हाकून आलेला माणूस आहे तो. त्याच्या पुढ्यात आधी तांब्याभर पाणी ठेवायचं आणि मग बाकीचं विचारायचं. हे कोणत्याही कॉलेजात शिकवावं लागत नाही.

आणि बिल. तू 'मॅडम, हे आमच्याकडून' म्हणत होतास तरी मी ते मागून घेतलं आणि भरलं, ते उगाच नाही. मला ते वाचायचं होतं. दहा टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं की असा परस्पर लावायचा नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. तुझ्या खोल्यांचं भाडं साडेसात हजारांच्या वर, म्हणून जेवणावर पाच ऐवजी अठरा टक्के जीएसटी. ते सरकारचं, त्याबद्दल तुला बोलत नाही. पण तू सर्व्हिस चार्ज लावायचा आणि त्या सर्व्हिस चार्जवरही पाहुण्यानं अठरा टक्के भरायचे? मी काढायला सांगितला तेव्हा कॅप्टनचं तोंड असं झालं की जणू मी चमचा पर्समध्ये टाकला. काढला त्यानं, पण चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारून.

असो. हे सगळं एका आठवड्याच्या ब्रीफिंगमध्ये सुधारेल. ज्यासाठी तुला इथवर बोलावलं ते वेगळं आहे.

तुझ्याकडे येताना पौड सोडल्यावर रस्त्याच्या कडेला बायका बसल्या होत्या. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पुढे टोपलीत फोडशी, टाकळा, भारंगी आणि एका पानावर कर्टोल्यांचा ढीग. आषाढातला पाऊस, दोन्ही अंगाला लावणी चाललेली. मी गाडी थांबवून फोडशी घेतली. मनात आलं, आज रात्री हा पोरगा आपल्याला काय खाऊ घालणार! तुझ्या फाटकातून आत शिरले तर समोर जातं. कमरेएवढ्या ओट्यावर बसवलेलं, खुंटा गायब, वर गुलाबाच्या पाकळ्या आणि एक मेणबत्ती. शेजारी पाटा-वरवंटा. भिंतीवर बैलगाडीचं चाक, नांगराचा फाळ, कंदील. एक मुलगी त्या जात्यावर बूट ठेवून फोटो काढून घेत होती आणि तुझा दरबान छत्री धरून तिला उजेड नीट पडतोय का ते बघत होता.

मग तुझी चटणी आली. 'व्हिलेज थेचा' असं नाव होतं तिचं. अरे, तीस वर्षं मी चवी तपासल्यात. तो मिक्सरमध्ये फिरवलेला, व्हिनेगर घालून टिकवलेला गोळा होता. पाटा दारात शोभेला आणि चटणी बरणीतली! तुझ्या सगळ्या कारभाराचा नमुना त्या एका वाटीत होता. गावाची जी वस्तू खाता येत नाही ती तू पुढे मांडलीस, आणि जी खाता येते तिला दाराबाहेर पावसात बसवलंस.

मेन्यूकार्ड मी शांतपणे दोनदा वाचलं. 'फार्म टू टेबल' हे शब्द पहिल्या पानावर, सोनेरी अक्षरांत. आत नॉर्वेचा सॅमन, थायलंडची करी, अ‍ॅस्परॅगस, ब्रोकोली, कसली कसली इवलीशी कोवळी पानं. मी पोराला विचारलं, 'यातलं कुठलं फार्म रे?' त्यानं कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन आला आणि म्हणाला, 'मॅम, वुई सोर्स लोकली.' मी म्हटलं, कुठून? 'फ्रॉम पुणे, मॅम.' म्हणजे मार्केट यार्डातून. मुळशीच्या मातीत उभं राहून भाजी मार्केट यार्डातून आणायची आणि तिला स्थानिक म्हणायचं. याला आमच्या वेळी थाप म्हणत. आताही थापच म्हणतात, फक्त ती सोनेरी अक्षरांत छापतात.

मी मुद्दाम रिसोतो मागवला. का, ते नीट ऐक. आर्बोरिओ म्हणजे काय? आखूड, जाड दाणा. शिजताना बाहेरचा स्टार्च सुटतो आणि सगळं सरबरीत, मऊ, एकजीव होतं. मधला गाभा किंचित दाताला लागतो. इटलीच्या उत्तरेला पीडमाँट प्रांतात आर्बोरिओ नावाचं एक लहानसं गाव आहे, त्या गावावरून त्या तांदळाचं नाव. गावाचं नाव तांदळाबरोबर जगभर फिरतंय. आता हा मुळशीचा आंबेमोहोर घे. आखूड दाणा, शिजला की मऊ, गिच्च. गाभा आर्बोरिओएवढा कडक राहत नाही हे मला मान्य, पण वास! चुलीवर चढला की शेजारच्या घरात कळतं. आजाऱ्याची पेज, तान्ह्या लेकराचा पहिला भात, सणाचं वरण-भात-तूप-लिंबू सगळं याच तांदळावर. त्याला भौगोलिक मानांकन आहे. आणि तुझ्या कार्डावर आर्बोरिओ, बासमती, जस्मिन असे तीन देशांचे तांदूळ, पण पायाखालच्या तालुक्याचा एकही नाही.

बरं, परवडत नाही म्हणशील तर तेही खोटं. आर्बोरिओच्या भावापुढे आंबेमोहोर कितीतरी स्वस्त. माणशी सत्तर ग्रॅम कच्चा तांदूळ धर, किलोत चौदा पानं. फूड कॉस्ट तीस-पस्तीस टक्क्यांत बसवायची म्हणून तुम्ही लोक कांद्याची सालं मोजता, आणि तांदूळ विमानाने नाहीतर बोटीने मागवता.

आता तो पोरगा. ताट उचलायला आला तेव्हा मी मराठीत विचारलं, 'कुठला रे बाळा तू?' त्यानं आधी मान वळवून मागे पाहिलं. मग हळूच, जवळजवळ ओठांतल्या ओठांत म्हणाला, 'कोळवण खोऱ्यातला, मॅडम.' घरी भात कुठला लावता म्हणून विचारलं. 'इंद्रायणी. आजी एका खाचरात आंबेमोहोर लावते, घरापुरता.' हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. त्या संध्याकाळी तुझ्या अख्ख्या हॉटेलात मी ऐकलेली खरी अशी गोष्ट ही एकच. फार्म टू टेबलमधलं ते फार्म माझ्या पुढ्यात उभं होतं, हातात सॅल्व्हर घेऊन. आणि कॅप्टननं त्याला साइड स्टेशनशी नेऊन काय सांगितलं ते मी या कानांनी ऐकलं. गेस्टशी गप्पा मारायच्या नाहीत, आणि मराठीत तर मुळीच नाहीत. दोन टेबलांवरच्या लोकांनी वळून पाहिलं. तू तिथेच होतास. तू मान डोलावलीस.

त्या मान डोलावण्यासाठी मी तुला आज बोलावलंय.

अरे, तू मूळचा कुठला? कॉलेजात आलास तेव्हा 'एंट्री' आणि 'ऑंत्रे' यांतला फरक कळत नव्हता म्हणून पोरं हसली होती. तेव्हा वर्गात मी कोणाला झापलं होतं, तुला की त्यांना? आठव जरा. त्या दिवशी तुझी लाज मी वाचवली ती तू पुढे दुसऱ्या कोणाला भाषेवरून लाजवावंस म्हणून नाही.

मुकाट्यानं ऐक, अजून संपलेलं नाही. टेबलावर एक जाडसर कागदाचं कार्ड होतं. 'निसर्गरम्य सरोवराच्या सान्निध्यात' वगैरे. सरोवर! शंभर वर्षांपूर्वी तिथे पाणी नव्हतं, भाताची खाचरं होती. टाटांचं धरण होणार म्हणून १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे त्यात होते, पांडुरंग महादेव बापट होते. बापटांना 'सेनापती' म्हणतात ते याच लढ्यापासून. तीन वर्षं झुंजले आणि हरले. धरण झालं. पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला उतरतं आणि वीज मुंबईला जाते. त्या विजेवर आपले दिवे लागले, मी काही धरण फोड म्हणत नाही. पण ज्या पाण्याकडे तोंड करून तू खिडकीजवळच्या टेबलाचे जास्त पैसे घेतोस, त्या पाण्याखाली आंबेमोहोराची शेतं आहेत. आणि त्याच पाण्यासमोर तू मला इटलीचा भात वाढलास. पाहुण्यांना इतिहासाचं व्याख्यान दे असं कोण म्हणतंय? मुकाट एक वाटी भात वाढला असतास तरी पुरे होतं.

आता तुमच्या धंद्याचीच गोष्ट सांगते, म्हणजे हे म्हातारीचं रडगाणं वाटायचं नाही. गावाकडचं महागडं हॉटेल ही कल्पना मुळात आली कुठून? मिशलिन ही टायर बनवणारी कंपनी. १९०० साली तिनं मोटारवाल्यांसाठी पुस्तिका काढली, कारण लोक गाडीने लांब गेले की टायर झिजणार. १९२६ पासून तारे आले. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं, तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करावा. म्हणजे जेवणासाठी शहर सोडून जायचं, आणि ते अशासाठी की तिथे जे मिळतं ते शहरात मिळत नाही. रेमों ब्लां हा फ्रेंच माणूस, स्वतःचा स्वतः शिकलेला. १९८४ मध्ये त्यानं इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमधल्या ग्रेट मिल्टन या खेड्यातल्या जुन्या वाड्यात हॉटेल काढलं. त्याची ख्याती झुंबरांवर नाही, मागच्या भाजीच्या वाफ्यांवर आहे. त्या दिवशी बागेत काय तयार आहे त्यावर तिथलं स्वयंपाकघर चालायचं. हे मी तुम्हाला फळ्यावर लिहून शिकवलं होतं. तू त्यातलं झुंबर तेवढं उचललंस.

पुण्यात तुझ्यासारखा रिसोतो बारा ठिकाणी मिळतो, तोही घाटरस्त्यानं न जाता. मग माणसानं तुझ्याकडे यावं कशाला? जात्यावर पाय ठेवायला?

हं, बोल. 'गेस्टला हेच लागतं.' कोणत्या गेस्टला? विचारलंस कधी? माझ्या शेजारच्या टेबलावर अमेरिकेहून आलेला मुलगा आई-वडिलांना घेऊन बसला होता. वडील वेटरला दोनदा विचारत होते, साधा वरणभात होईल का. 'दाल तडका विथ स्टीम्ड राइस' असं उत्तर आलं. आला तो बासमती. म्हातारा भात चिवडत बसला. तुझा गेस्ट तो होता.

'सप्लाय बेभरवशाचा आहे, क्वालिटी सारखी मिळत नाही.' हे मात्र खरं बोललास, याला मी मान देते. आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्यापावसात आडवा होतो, उतारा कमी, म्हणून शेतकरी इंद्रायणीकडे वळला. तो इंद्रायणीही परका नाही म्हणा, वडगाव मावळच्या केंद्रात आंबेमोहोराच्याच वंशातून तयार केलेला. बाजारात आंबेमोहोर म्हणून बाहेरचा तसलाच बारीक दाणा गळ्यात मारतात, तेही खरं. मग तू मॅनेजर कशाला आहेस? पर्चेसवाल्याला इंडेंट पाठवायला कारकून पुरतो. हिशेब कर. तुझी रोजची सत्तर कव्हरं, त्यातली निम्मी भात घेतील. पस्तीस पानं म्हणजे अडीच किलोच्या आत. वर्षाचे नऊ क्विंटल तांदूळ, भरडण्याआधीचा भात धर पंधरा क्विंटल. चार-पाच घरांच्या खाचरांत होईल एवढाच प्रश्न आहे हा. पेरणीआधी त्यांना सांगायचं, भाव ठरवायचा, निम्मे पैसे आगाऊ द्यायचे, पीक आडवं झालं तर तोटा एकट्या त्यांच्या गळ्यात घालायचा नाही. नवा तांदूळ फार चिकट होतो असं तुझा शेफ म्हणेल, तर वर्षभर मुरू दे. जागा आहे तुझ्याकडे, ते वाईनचं कपाट बघितलंय मी.

रानभाज्यांचंही तेच. फोडशी मिळते ती पावसाळ्याच्या थोड्या दिवसांत. मग त्या थोड्या दिवसांत ठेव. भारंगी कडू, ती उकडून, पिळून, वालाबरोबर करायची असते. तुझ्या शेफला येत नसेल तर त्या टोपलीवालीला एक दिवस स्वयंपाकघरात बोलाव आणि त्या दिवसाचे पैसे दे तिला, शिक्षकाला देतात तसे. पण एक बजावून ठेवते. उद्या फोडशीला 'फॉरेज्ड माउंटन ग्रीन्स' असं नाव देऊन बशीत तीन काड्या उभ्या केल्यास आणि नऊशे रुपये लावलेस, तर मी पुन्हा येईन आणि तेव्हा लोकांसमोर बोलेन.

आता माझं थोडं. तुला बोलताना मी स्वतःला सोडलेलं नाही. परवा रात्री घरी आल्यावर जुन्या नोट्स काढल्या. पाच मूळ सॉस, सूपचे प्रकार, फ्रेंच मेन्यूतले सगळे कोर्स, कोणत्या पेल्यात कोणतं मद्य. भातावर अर्धं पान, त्यातही पुलाव आणि बिर्याणी. पेज करून दाखवली का मी तुम्हाला कधी? नाही. 'मीज आँ प्लास' म्हणता आलं नाही तर गुण कापले, आणि खाचर, लावणी, भरड हे शब्द कोणत्या विषयात बसतात याचा विचारही केला नाही. वर्गात जी भाषा प्रतिष्ठेची ठरते तिलाच पोरं पुढे डायनिंग हॉलमध्ये प्रतिष्ठा देतात. तेव्हा तुझ्या त्या मान डोलावण्यात थोडी माझीही मान आहे. म्हणून तुझा अपराध कमी होत नाही, हे लक्षात ठेव.

चहा घे. गार झालाय, पण तुझ्या सूपपेक्षा बरा आहे.

आणि उद्या गेल्या गेल्या करायची कामं सांगते, लिहून घे. जातं खाली उतरव. पाहुण्यांना दाखवायचंच असेल तर त्याला खुंटा बसव आणि नाचणी दळून दाखव, नाहीतर झाकून ठेव. पाणी आधी, बाटली नंतर. सर्व्हिस चार्ज उद्यापासून बंद. त्या कॅप्टनला केबिनमध्ये बोलावून एकट्याला सांग की मराठीत बोलल्याबद्दल यापुढे कोणाला दटावायचं नाही. पोरांसमोर सांगू नकोस, तोही कोणाचा तरी विद्यार्थी आहे. आणि त्या कोळवणच्या पोराला सुट्टी देऊन त्याच्या घरी जा. लावणी अजून उरकलेली नसेल. बूट काढून बांधावर उभा राहा आणि आजीला विचार, पुढच्या साली दोन खाचरं आंबेमोहोर लावाल का, पैसे आत्ता देतो.

या सालचा थोडा तांदूळ मार्गशीर्षापर्यंत भरडून होईल. तेव्हा मी चार जणांना घेऊन येते. टेबल खिडकीजवळचं नको, त्या पोराच्या वाट्याचं दे. बिल मीच भरणार.